‘जुलाबाचे औषध’: मॉर्फिन सुरू असलेल्या रुग्णाच्या बद्धकोष्ठतेचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. अफूवर्गीय वेदनाशामके, म्हणजे ओपिऑइड औषधे, घेणाऱ्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका रुग्णाच्या हकिकतीत गुंफून ते मांडले आहे. औषधांच्या मात्रा आणि निर्णयांमागची कारणे मात्र प्रत्यक्ष उपचारात असतात तशीच ठेवली आहेत. या मात्रा त्या रुग्णाचे वय, मूत्रपिंडांची स्थिती आणि इतर औषधे पाहून ठरवलेल्या आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

रुग्ण ६८ वर्षांच्या बाई. हाडे ठिसूळ झालेली होती आणि वाकून वजन उचलण्याचे निमित्त होऊन पाठीचा बारावा मणका दबला. पॅरासिटामॉलने भागेना, ट्रॅमाडॉलने मळमळ होऊ लागली, म्हणून मॉर्फिनची हळूहळू विरघळणारी गोळी, १० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी सुरू झाली. सोबत मळमळीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन, रात्री झोपताना १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेट होते. शौचास साफ होण्यासाठी कोणतेही औषध चिठ्ठीवर नव्हते. मॉर्फिनखेरीज उरलेली तिन्ही औषधेही बद्धकोष्ठता वाढवणारी आहेत, ही बाब त्या दिवशी कुणाच्याच नजरेस आली नाही. प्रत्येक औषधाला लिहिण्याजोगे कारण होते, परंतु चिठ्ठी एकत्रितपणे कुणी वाचली नव्हती.

पहिले बारा दिवस

तिसऱ्या दिवशी शौचास थोडेसे झाले, तेही खड्यासारखे. त्यानंतर काहीच नाही. मणका दबलेल्या माणसाला कुंथणे म्हणजे शिक्षाच असते, कारण पोटातला दाब वाढला की तो थेट पाठीवर येतो. त्यामुळे बाई शौचालयात जाऊन बसत, एकदा जोर लावून पाहत आणि पाठीत कळ आली की उठून येत. पाचव्या दिवशी घरातल्यांनी इसबगोलाचा भुसा द्यायला सुरुवात केली. हा उपाय साध्या बद्धकोष्ठतेत चांगला असतो, मात्र त्याला भरपूर पाणी लागते आणि आतडे पुढे ढकलणारे असावे लागते. इथे दोन्हींची वानवा होती. लघवीसाठी वारंवार उठावे लागू नये म्हणून बाईंनी पाणी पिणे जवळजवळ निम्म्यावर आणले होते, हे बरेच नंतर विचारले तेव्हा कळले.

त्याच संध्याकाळपासून त्यांनी आणखी एक गोष्ट कुणालाही न सांगता सुरू केली. ‘या गोळीनेच पोट अडलंय’ असे त्यांच्या मनाने घेतले आणि ते बरोबरही होते. रात्रीची मॉर्फिनची गोळी त्या उशीखाली ठेवू लागल्या. साहजिकच रात्री दुखणे वाढले. सातव्या दिवशी मुलीने फोनवर वेदनेचा आकडा दहापैकी सात असा कळवला. गोळ्या वेळेवर चालू आहेत का, या प्रश्नाला तिने प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटले. मात्रा दुप्पट करून २० मिलिग्रॅम दर १२ तासांनी करण्यात आली. दुखणे वाढले म्हणून मुलगी आता स्वतः हाताने गोळी देऊ लागली. कागदावर दिवसाची मात्रा २० वरून ४० मिलिग्रॅम झाली असली, तरी प्रत्यक्षात रोज १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शरीराला एकाएकी चौपट मॉर्फिन मिळू लागले. त्या फोनमध्ये शौचाचा विषय निघाला नाही.

नवव्या दिवशी तो निघाला. सहा दिवसांत पोट साफ झालेले नाही, असे मुलीने कळवले आणि उत्तर मिळाले, ‘जुलाबाचं औषध देऊन बघा.’ आपल्या भाषेत या दोन शब्दांचे दोन उलट अर्थ होतात, जुलाब व्हावेत म्हणून द्यायचे औषध आणि जुलाब थांबावेत म्हणून द्यायचे औषध. बोलणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ होता. त्याच रात्री बाईंच्या कपड्यांना पातळ, दुर्गंधीयुक्त मळ लागलेला दिसला आणि पुढल्या सकाळपर्यंत असे तीनदा झाले. मुलीला हायसे वाटले, पोट एकदाचे मोकळे होऊ लागले, फक्त जरा जास्तच. घरात लोपेरामाइडच्या गोळ्या होत्या. त्यांना घरात सगळे ‘जुलाबाचं औषध’च म्हणत. दोन दिवसांत अशा २ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या दिल्या गेल्या.

लोपेरामाइड हेही ओपिऑइडच आहे. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ना गुंगी आणते ना वेदना शमवते. आतड्यात मात्र ते मॉर्फिनसारखेच काम करते आणि जुलाब थांबवणे हा त्याच कामाचा उपयोग आहे. म्हणजे आधीच थंडावलेल्या आतड्यावर दुसरा ब्रेक लावला गेला.

बाराव्या दिवशी बाईंना आणले तेव्हा पोट फुगलेले होते, अन्नावरची वासना उडाली होती, एकदा उलटी झाली होती आणि दहा तासांत लघवी झाली नव्हती. मुलीने सांगितलेली मुख्य तक्रार होती, ‘आईला जुलाब होताहेत.’

तपासणी आणि एक धास्ती

इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मणका दबलेल्या रुग्णाची लघवी अडणे आणि शौचावरचा ताबा सुटणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर पहिला विचार पोटाचा करायचा नसतो. तुटलेल्या मणक्याचा तुकडा मज्जारज्जूच्या टोकावर किंवा तिथून निघणाऱ्या नसांवर दाबत असेल, तर हीच लक्षणे दिसतात आणि तेव्हा प्रत्येक तास मोलाचा असतो. म्हणून आधी पायांची ताकद, मांड्यांच्या आतल्या बाजूची व गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि गुदद्वाराच्या स्नायूची पकड तपासली. तिन्ही व्यवस्थित होत्या. तरीही एमआरआय करून घेतला आणि नसांवर दाब नसल्याची खात्री झाली.

ज्या बोटाने स्नायूची पकड पाहिली, त्याच बोटाने खरे उत्तरही दिले. गुदाशय कडक मळाच्या गोळ्याने ठासून भरलेला होता. वरच्या भागात साठलेला पातळ मळ या गोळ्याच्या कडेने झिरपत होता आणि तेच घरच्यांना जुलाब म्हणून दिसत होते. फुगलेला गुदाशय पुढे मूत्रमार्गावर दाबत होता. त्यात मॉर्फिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीन या दोन्हींमुळे मूत्राशयाचे आकुंचन मंदावले होते. नळी घातल्यावर ७०० मिलिलिटर लघवी निघाली.

पोट फुगलेले असले तरी मऊ होते, आतड्यांचे आवाज येत होते, डाव्या बाजूला खाली चाचपल्यावर मळाचे गोळे लागत होते. क्ष-किरण चित्रात मोठे आतडे मळाने भरलेले दिसले, परंतु पूर्ण अडथळ्यात दिसतात तशा द्रवाच्या आडव्या रेषा नव्हत्या. रक्तातील कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि थायरॉइडची पातळी ठीक होती. कॅल्शियम वाढलेले किंवा पोटॅशियम घटलेले असते, तर त्यामुळेही आतडे सुस्तावले असते, म्हणून या तपासण्या केल्या होत्या.

पातळ शौचाची तक्रार घेऊन आलेल्या, ओपिऑइड घेणाऱ्या वयस्क रुग्णाची गुदाशय तपासणी टाळली की पुढचे सगळे उपचार उलट्या दिशेने जातात. ही तपासणी रुग्णाला संकोचाची वाटते आणि डॉक्टरलाही ती टाळण्यासाठी एखादे कारण सहज सापडते. या प्रकरणात दोन मिनिटांच्या त्या तपासणीने जे सांगितले, ते दुसऱ्या कोणत्याही चाचणीने इतक्या लवकर सांगितले नसते.

मॉर्फिन आतड्यात नेमके काय करते

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची स्वतःची दोन जाळी असतात, एक स्नायूंच्या थरांमध्ये आणि दुसरे आतल्या अस्तराखाली. मॉर्फिन ज्या म्यू ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक जागांना, चिकटून वेदना शमवते, तेच ग्राही या जाळ्यांतही असतात. मॉर्फिन त्यांना चिकटले की अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतना पुढे पोहोचवणारे द्रव्य कमी स्रवते आणि अन्न पुढे सरकवणाऱ्या लाटा क्षीण होतात. आतडे निपचित पडत नाही. ते जागच्या जागी आवळत राहते, म्हणून पोटात कळा येतात आणि शौचास तर होत नाही. जठराच्या खालच्या तोंडाशी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशी आणि गुदद्वाराशी असलेल्या झडपा अधिक घट्ट होतात. पाचकरसांचे स्रवण घटते. मळ जितका जास्त वेळ मोठ्या आतड्यात राहील, तितके त्यातील पाणी शोषले जाते. मळ पुढे सरकणे, त्यातील ओलावा आणि तो बाहेर टाकणे, तिन्ही एकाच वेळी बिघडतात.

मॉर्फिनमुळे होणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ओसरते, कारण शरीर तिला सरावते. बद्धकोष्ठतेच्या बाबतीत असा सराव जवळजवळ होत नाही. ‘सवय झाली की पोट आपोआप ताळ्यावर येईल’ हे आश्वासन त्यामुळे निराधार आहे. म्हणूनच ओपिऑइड लिहिताना रेचकही त्याच चिठ्ठीवर, पहिल्याच दिवशी लिहायचे असते. आमच्या मते या प्रकरणातली मूळ चूक नवव्या दिवसाच्या फोनमध्ये नव्हती, ती पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीत होती. फोनवरचा घोटाळा हा तिचा उशिरा दिसलेला परिणाम होता.

इसबगोलाचे काय बिघडले तेही यावरून समजते. तो पाणी धरून मळाचे आकारमान वाढवतो आणि वाढलेल्या आकारामुळे आतडे ताणले जाऊन लाटा सुरू होतात, ही त्याची रीत आहे. लाटाच दबलेल्या असताना आणि पाणीही तुटपुंजे असताना त्याने फक्त अडलेल्या वाटेवरचा ढीग वाढवला.

उपचार

लोपेरामाइड आणि इसबगोल तत्काळ बंद केले. मॉर्फिन एकदम बंद करण्याची मागणी मुलीने केली. तिचा राग समजण्यासारखा होता, परंतु तसे केल्यास वेदना उसळून येते, नियमित घेणाऱ्याला औषध तुटल्याचा त्रासही होऊ शकतो आणि दुखण्याने जागचा न हलणारा रुग्ण पुन्हा बद्धकोष्ठतेकडेच जातो. उशीखालच्या गोळ्यांची गोष्ट याच बोलण्यात बाहेर आली. बाईंनी ती सांगितली तेव्हा मुलीने विचारले, ‘आई, मला एकदा तरी सांगायचंस!’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘हे काय सांगायचं?’ मात्रा वाढवण्याचा आधारच निघून गेल्याने ती पुन्हा १० मिलिग्रॅम दर १२ तासांनी अशी केली. नियमित घेतल्यावर तेवढी पुरली.

तोंडावाटे जोरकस रेचक लगेच दिले नाही. खालची वाट बंद असताना वरून आतडे चाळवले, तर कळा आणि उलट्याच वाढतात. आधी तेलाचा एनिमा देऊन तो रात्रभर आत राहू दिला. सकाळी लवकर परिणाम करणाऱ्या मॉर्फिनची ५ मिलिग्रॅमची मात्रा देऊन, ती लागू पडेपर्यंत थांबून, बधिर करणारी जेली लावून, मऊ झालेला गोळा बोटाने फोडून थोडा थोडा काढला. त्यानंतर छोटा एनिमा दिला. फॉस्फेटचा एनिमा या वयात आणि लघवी अडलेली असताना टाळला, कारण तो आत राहून गेला तर रक्तातील क्षारांचे प्रमाण धोकादायकरीत्या बिघडू शकते. दुपारपासून क्षारयुक्त मॅक्रोगोलच्या आठ पुड्या एक लिटर पाण्यात मिसळून सहा तासांत घोट घोट दिल्या आणि दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिसऱ्या दिवशी पोट उतरले, लघवीची नळी काढली आणि लघवी आपोआप झाली.

पुढच्या काळजीसाठी दोन औषधे ठरली. रात्री सनायच्या, म्हणजे सेनोसाइडच्या, ८.६ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, ज्या आतड्याच्या लाटा चेतवतात आणि साधारण ६ ते १२ तासांत काम करतात. सकाळी १७ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकोल (मॅक्रोगोलचेच दुसरे नाव) एका मोठ्या पेल्यात, जे मळात पाणी धरून ठेवते. एक ढकलणारे आणि एक ओलावा राखणारे अशी ही जोडी आहे. नुसते मळ मऊ करणारे डॉक्युसेट इथे निवडले नाही, कारण मऊ झालेला मळही कुणीतरी पुढे ढकलावाच लागतो. मळमळ थांबलेली असल्याने ऑन्डॅन्सेट्रॉन बंद केले. अ‍ॅमिट्रिप्टिलीनचा फायदा बाईंना सांगता येईना, तेही बंद केले. कॅल्शियम काही आठवडे थांबवले.

औषधांइतकाच फरक पडला तो पलंगाशेजारी ठेवलेल्या शौच-खुर्चीने. लघवीसाठी लांब चालावे लागणार नाही म्हटल्यावर बाई पुन्हा पुरेसे पाणी पिऊ लागल्या. सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर जठर ताणले गेले की मोठे आतडे आपोआप हलते. त्या अर्ध्या तासात, पायांखाली छोटे बाकडे घेऊन, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे किंचित पुढे झुकून बसायचे, असे ठरले. या बैठकीत गुदाशयाचा वाकडा कोन सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही, जे या रुग्णाच्या पाठीसाठी फार मोलाचे होते. पट्टा बांधून घरातल्या घरात चालणेही सुरू झाले.

मुलीला एक वही दिली. तिच्यात वेदनेच्या आकड्याशेजारीच शौचाची नोंद करायची होती. मळाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल मापनपट्टी वापरली. तिच्यात सात प्रकार असतात. पहिला सुट्या कडक खड्यांचा, सातवा पूर्ण पातळ, तिसरा आणि चौथा समाधानकारक. ‘बरं झालं’, ‘नीट झालं नाही’ अशा मोघम उत्तरांपेक्षा ‘आज दुसरा प्रकार’ हे सांगणे बाईंनाही सोपे गेले. आकडा सांगताना लाज वाटत नाही, हा या पट्टीचा न सांगितला जाणारा उपयोग आहे.

रेचके पुरेशी ठरली नाहीत तेव्हा

तीन आठवड्यांनंतर सनायच्या गोळ्या दिवसाला चारपर्यंत गेल्या होत्या. तरीही आठवड्यातून दोनदाच शौचास होत होते, तेही दुसऱ्या प्रकारचे. अशा वेळी आतड्याच्या कार्याचा निर्देशांक काढतात. मागील सात दिवसांत शौचास किती सहज झाले, पोट अर्धवट साफ झाल्यासारखे किती वाटले आणि एकंदरीत बद्धकोष्ठता किती वाटते, असे तीन प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला शून्य (काहीच त्रास नाही) ते शंभर (सर्वाधिक त्रास) असा आकडा घ्यायचा आणि सरासरी काढायची. २८.८ पर्यंतची सरासरी सामान्य मानतात. बाईंचे आकडे ६०, ७० आणि ५० होते, म्हणजे सरासरी ६०.

एक पर्याय ओपिऑइडच बदलण्याचा होता. त्वचेवर लावायच्या फेन्टॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्टीने अनेकांना तुलनेने कमी बद्धकोष्ठता होते. मॉर्फिनच्या ठरलेल्या मात्रेत वेदना आटोक्यात असल्याने ती घडी विसकटू नये असे ठरले. दुसरा पर्याय होता मेंदूबाहेरच्या म्यू ग्राहींना रोखणाऱ्या औषधांचा. मिथाइलनाल्ट्रेक्सोनला २००८ मध्ये, नॅलॉक्सेगोलला २०१४ मध्ये आणि नाल्डेमेडीनला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे आतड्यातील ग्राहींवरून मॉर्फिनला दूर ठेवतात, मात्र मेंदूत फारशी शिरत नसल्याने वेदनाशमन शाबूत राहते. रेचके मळाशी किंवा स्नायूंशी खटपट करतात, ही औषधे मूळ कारणालाच हात घालतात.

नॅलॉक्सेगोल २५ मिलिग्रॅम, रोज सकाळी खाण्यापूर्वी एक तास, असे सुरू केले. त्याआधी आतड्यात अडथळा नसल्याची पुन्हा खात्री केली, कारण अडथळा असताना ही औषधे दिल्यास आतडे फाटण्याचा धोका असतो. मूत्रपिंडे मंदावलेली असती तर मात्रा निम्मी ठेवावी लागली असती. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि बुरशीवरील काही औषधे सोबत चालत नाहीत, कारण त्यांच्यामुळे नॅलॉक्सेगोलची रक्तातील पातळी खूप वाढते. ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली. जुनी दोन्ही रेचके तीन दिवस थांबवली. पहिल्या दोन दिवशी पोटात कळा आल्या, त्या आपसूक शमल्या. वेदनेचा आकडा वाढला नाही, घाम, जांभया, बेचैनी असा औषध तुटल्यासारखा त्रासही झाला नाही. चौथ्या दिवशी सनायची एक गोळी पुन्हा जोडली. तीन आठवड्यांनी तिन्ही आकडे २०, ३० आणि २५ आले.

आठव्या आठवड्यानंतर मणका सांधत आला तसे मॉर्फिन पायरीपायरीने कमी करत अकराव्या आठवड्यात थांबवले आणि त्याच दिवशी नॅलॉक्सेगोलही थांबवले. पॉलिइथिलीन ग्लायकोल परत सुरू करून आणखी दोन आठवडे ठेवले, कारण हालचाल अजून पूर्ववत झालेली नव्हती.

घरी काय पाहायचे याची यादी मुलीला आधीच दिलेली होती. तीन दिवस शौचास न होणे, पोट फुगून वारा न सरणे, उलट्या, शौचातून रक्त, लघवी अडणे, आणि बरेच दिवस पोट साफ नसताना अचानक पातळ झिरपू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरचे औषध न देता कळवायचे होते. शेवटची बाब तिने स्वतः लाल शाईने अधोरेखित केली. आमच्याकडून बदल झाला तो लिहिण्या-बोलण्यात. ओपिऑइडच्या ओळीखालची ओळ आता रेचकाची असते, ती रिकामी ठेवायची असल्यास कारण लिहावे लागते, आणि ‘जुलाबाचे औषध’ हे शब्द चिठ्ठीवर किंवा फोनवर वापरले जात नाहीत. ‘शौचास होण्यासाठी’ किंवा ‘जुलाब थांबवण्यासाठी’ असे पूर्ण म्हणायचे आणि गोळीचे नाव समोरच्याकडून वाचून घ्यायचे.